मेणबत्तीवाल्याची बायको

माझी वहिनी मोठ्याने बोलते. मोठ्याने म्हणजे समोरच्या इमारतीतल्या माणसाने "काय झालं हो?" म्हणत खिडकी उघडावी, एवढ्या मोठ्याने. भांडत नसते बिचारी. चहात साखर किती, हेसुद्धा ती अशा आवाजात विचारते की नवखा पाहुणा घाबरून "नको, नकोच" म्हणतो. जन्म गेला तिचा हॉस्पिटलच्या लाँड्रीत. तळघरातली ती खोली मी पाहिलेली आहे. एका भिंतीला धुवायच्या ड्रमच्या मशीन, दुसऱ्या भिंतीला पिळायच्या, आणि मधोमध तो तापलेला रूळ, ज्यातून चादरी एका बाजूने ओल्या आत जातात आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येतात. सगळं एकदम चालू असलं की शेजारी उभ्या असलेल्या बाईशीही ओरडूनच बोलावं लागतं. तिथल्या बायका तिला भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते.

मी तिची नणंद. नणंद-भावजय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते आमच्यात कधी आलं नाही. याचं श्रेय मी घेते, ती म्हणते तिचं आहे, आणि त्यावरून मात्र आमचं वाजतं. ती मला वन्सं म्हणते, मुद्दाम, चिडवायला. माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोक्याशी आणि तोंडाशी गाठ, तेव्हा बोलायला मीही कमी नाही. पण हे जे सांगते आहे ते दुकानात कधी सांगितलेलं नाही. ऐकता ऐकता एखादीची मान हलली तर कात्री लागायची.

माझा भाऊ, म्हणजे दादा, कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. शिकवायचा आपला पोटापुरतं. खरा त्याचा जीव सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज कवीत. लग्न झालं की बायकांच्या वाट्याला सासू येते, दीर येतो. वहिनीच्या वाट्याला हा कवी आला. ती त्याला "तुमचा म्हातारा" म्हणायची. "तुमच्या म्हाताऱ्याला विचारा, आज भाजी कोण आणणार ते." दादा हसायचा आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. लाँड्रीतली पाळी, घर, माझ्या आईचं शेवटचं आजारपण, सगळं वहिनीने ओढलं. मी पाहिलंय, म्हणून सांगते. आणि तेवढ्या वर्षांत दादाने काय केलं, तर त्या कवीची एक लांबलचक कविता मराठीत आणली.

कविता एका मेणबत्तीवाल्याच्या बायकोची. नवरा बाजारातून उशिरा घरी येतो आणि ती त्याला फैलावर घेते, एवढीच गोष्ट. पानंच्या पानं बाई बोलतेच आहे. विद्वान लोकांत ती फार विनोदी समजली जाते म्हणे. दादा तिचे तुकडे परिषदांमधून वाचायचा, तिथे त्याला मान होता. घरी त्याने कधी ओळही वाचून दाखवली नाही. आम्हीही मागितली नाही. भाजी कोण आणणार हा प्रश्न जास्त मोठा होता.

यंदा त्याचं पुस्तक छापून आलं. त्या कवीवर आणि त्याच्या काळावर मोठी परिषद भरणार होती, दादाच्याच कॉलेजात, आणि तिथेच पुस्तकाचं प्रकाशन आणि दादाचा सत्कार. वहिनी माझ्या दुकानात आली, रिकाम्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वन्सं, माझे केस नीट करा. मी जाणार आहे ऐकायला."

"तू? तिथे? झोप येईल तुला."

"येऊ दे. लाँड्रीची नोकरी संपत आली माझी. हा माणूस इतकी वर्षं घरात असून घरात नव्हता. कुठे होता, ते मला एकदा बघायचंय." मग आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "चांगलं असलं ना, तर बरं वाटेल मला. म्हणेन, जाऊ दे, फुकट नाही गेलं माझं."

"आणि चांगलं नसलं तर?"

"तर तुम्ही आहात की सोबत. दोघी मिळून झोपू."

हसलो आम्ही. पण ती गंमत करत नव्हती, हे मला कळलं होतं. आयुष्याचा हिशेब लागतो का ते बघायला चालली होती ती. दादाने मात्र हरप्रकारे टाळायला पाहिलं. कंटाळा येईल, खुर्च्या कडक आहेत, जेवण थंड असतं, सगळं इंग्रजीत चालतं. मी म्हटलं, तुझं तर मराठीत आहे ना? त्यावर तो चष्मा पुसायला लागला. मला वाटलं, बायको मोठ्याने बोलते याची लाज वाटते आहे त्याला. मनात म्हटलं, वाटू दे.

तर गेलो आम्ही दोघी. कॉलेजच्या दारात कापडी फलक, आत टेबलावर पिशव्या आणि बिल्ले. वहिनीच्या बिल्ल्यावर नुसतं "पाहुणे" छापलेलं. टेबलाशी दादाच्या हाताखाली शिकलेली एक तरुण प्राध्यापिका बसली होती. वहिनीने तिला आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, पाण्याची सोय कुठे केली आहे?" ती मुलगी दचकली आणि मग तिचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, तुम्ही सरांच्या मिसेस ना? अगदी तसंच बोलता तुम्ही."

"कसं?"

"नाही, काही नाही," म्हणून ती ओठ दाबून हसली आणि शेजारच्या बाईला तिने कोपराने ढोसलं. वहिनी म्हणाली, चपला बघून हसल्या असतील. नव्या होत्या तिच्या चपला, आणि करकर वाजत होत्या. माझाही त्यावर विश्वास बसला.

सकाळ छान गेली, खोटं कशाला बोलू. एक जण त्या काळच्या मेणाच्या भावावर बोलला. एक जण रस्त्यांवर. एक बाई त्या काळी कपडे कसे धूत त्यावर बोलल्या, राखेचं पाणी, नदीकाठचे दगड, थंडीत फुटणारे हात. वहिनी पुढे सरकून ऐकत होती. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आणि तिचं कानाशी येणं म्हणजे मागच्या दोन रांगांनी ऐकणं, "मला वाटायचं हे लोक नुसत्या कविता वाचत बसतात. यांना तर सगळं माहीत असतं हो. बघा, तेव्हाच्या बायकांचे हातसुद्धा बघितलेत यांनी." तिचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं ज्याला म्हातारा म्हणून हिणवलं त्याच्याबद्दल तिला जरा आपलेपणा वाटायला लागला होता. मला फार बरं वाटलं. दादा व्यासपीठावर होता. तो आमच्याकडे बघत नव्हता.

मग पुस्तकाचं प्रकाशन झालं. अध्यक्षबाई परगावच्या विद्यापीठातल्या. ती मूळ कविता त्यांना म्हणे तोंडपाठ. त्यांनी कागद फाडून पुस्तक वर धरलं, टाळ्या झाल्या, आणि दादा वाचायला उभा राहिला.

पहिल्या चार ओळींतच मला काहीतरी ओळखीचं वाटलं. मेणबत्तीवाल्याची बायको म्हणत होती, "दूध उतू गेलं, आणि तुम्ही म्हणता, बघ, फेस कसा ढगासारखा दिसतो." सभागृह हसलं. वहिनीने माझा दंड धरला.

"अहो, हे मी म्हटलेलं आहे."

"हळू बोल."

"अगदी हेच. ढगासारखा. त्या नव्या पातेल्याच्या वेळी."

दादा पुढे वाचत होता. "मी बोलते तेव्हा तुम्ही हं म्हणता. हं हे काय उत्तर झालं? बैल बरा, मान तरी हलवतो." सभागृहात हशा. वहिनीने तोंडावर हात घेतला. ती लाजली होती. मी सांगते, या वयात तिला लाजलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "बैलाचं पण माझंच," ती म्हणाली. पुढचं वाक्य, आणि त्याच्या पुढचं, सगळं तिचंच. तिचा राग, तिचे टोमणे, एका शब्दाचाही फरक नाही. सहाशे वर्षांपूर्वीची ती इंग्रज बाई आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकत होते की हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय. हे तर सगळं ऐकत होते."

तेव्हा परिषद संपली असती तर किती बरं झालं असतं.

दादाने पान उलटलं. पाण्याचा घोट घेतला आणि वाचलं,

"आलात? झालं तुमचं सगळं? मग ती झोळी ठेवा खाली, आणि बसा इथे. पाय गार पडलेत. चोळून चोळून माझे हात भरून आले. आता तुम्ही चोळा, तुमचे हात तसे रिकामेच असतात."

आणि तो थांबला. मान वर करून, चष्म्यावरून बघत थांबला. मग सभागृह हसलं. थंडीतली रात्र, अंथरुणात गार पाय घेऊन पडलेली बायको, उशिरा आलेला नवरा, हसण्यासारखंच होतं ते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मांडीवर थाप मारली. मला हसणाऱ्यांचा राग नाही. त्यांना काय माहीत? पण दादा हसू यायच्या आधी थांबला होता. हसू कुठे येतं हे त्याला पाठ होतं. म्हणजे हे त्याने आधी वाचलं होतं, अनेक सभागृहांत, अनेकदा.

वहिनीने माझा दंड धरला होता, तो हात तसाच राहिला, पण त्यात जीव नव्हता.

आता सांगायलाच हवं. दादा-वहिनीला एक मुलगा होता. गुंड्या म्हणायचो आम्ही त्याला. चार वर्षांचा होता तेव्हा ताप आला आणि डोक्यात गेला. वहिनीने त्याला तिच्याच हॉस्पिटलात ठेवलं, तिच्याच हाताने धुतलेल्या चादरीवर. दादा तेव्हा परगावी होता, अशाच एका परिषदेत, या कवीवर आयुष्यातला पहिला निबंध वाचायला. वहिनीने लाँड्रीच्या ऑफिसातून तिथे फोन लावला. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर सगळं संपलं होतं. पोराला घरी आणून ठेवलं होतं, आणि वहिनी त्याचे पाय चोळत बसली होती. सगळे बाहेर, खोलीत फक्त मी आणि ती. मी तिला म्हटलं नाही की आता पुरे. कुणाची छाती होती?

दादा दारात उभा राहिला. वहिनीने वरही पाहिलं नाही. ती म्हणाली, "आलात? झालं तुमचं सगळं? मग ती बॅग ठेवा खाली, आणि बसा इथे. त्याचे पाय गार पडलेत. चोळून चोळून माझे हात भरून आले. आता तुम्ही चोळा, तुमचे हात तसे रिकामेच असतात."

दादा काही बोलला नाही. नंतर त्याने सगळ्यांना सांगितलं, निरोप उशिरा मिळाला. त्या घरात पुन्हा गुंड्याचं नाव निघालं नाही. वहिनी आठवड्याभरात कामावर गेली. ते शब्द त्या खोलीत तिघांनी ऐकले होते, आणि मी समजत होते की ते तिथेच पुरले गेले. माझा भाऊ ते घेऊन गेला होता. बॅगेची झोळी केली होती, पोराला त्यातून काढून टाकलं होतं, आणि हसवत होता लोकांना.

वाचन संपलं. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. मी वहिनीला म्हटलं, "चल, उठ, जाऊ या." ती हलली नाही. दगड झाली होती.

अध्यक्षबाई बोलायला उठल्या. बाई सज्जन होत्या, त्यांचा यात काही दोष नाही, पण त्या जे बोलल्या ते ऐकताना मला वाटलं की जमीन दुभंगावी. "मी ही कविता वर्षानुवर्षं शिकवते," त्या म्हणाल्या. "मुळात ती बाई नुसती भांडते. हा जो गार पायांचा तुकडा आहे तो मुळात नाहीच. तो सरांनी पदरचा घातला आहे. आणि गंमत अशी, की माझ्या मते सगळ्या कवितेतली सर्वांत खट्याळ जागा तीच आहे."

"अनुवादकाने थोडं स्वातंत्र्य घेतलंय," दादा म्हणाला. पुन्हा हशा.

मग प्रश्नोत्तरं. तिथली रीत असते, आधी ओळख सांगायची, मग प्रश्न विचारायचा, भाषण करायचं नाही. अध्यक्षबाईंनी तसं बजावलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची वाजली. वहिनी उभी राहिली होती. कुणीतरी माईक घेऊन धावलं. तिने तो घेतला नाही. तिला कशाला लागतोय माईक?

"मी यांची बायको," ती म्हणाली. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. "मला एवढंच विचारायचंय. ती बाई हे सगळं बोलते, पाय चोळा म्हणते. त्यावर तो मेणबत्तीवाला काय म्हणतो?"

दादाने मान खाली घातली. अध्यक्षबाईंना वाटलं, सर संकोचले, म्हणून त्यांनीच उत्तर दिलं. "फार छान प्रश्न. तो काहीच म्हणत नाही. शेवटी कळतं की तो कधीच झोपून गेलेला असतो. तिचं एक अक्षर त्याने ऐकलेलं नसतं. तीच तर कवितेतली खरी मजा."

"झोपला नव्हता तो," वहिनी म्हणाली. "उभा होता. हातात बॅग होती. सगळं ऐकत होता."

सभागृहात हालचाल झाली. लोकांनी मागे वळून पाहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला आणि मनापासून, अगदी आदराने विचारलं, "हा फार वेगळा अन्वयार्थ आहे. याला संहितेत कुठे आधार सापडतो का?"

देवा, मला तेव्हा हसू आलं. खरंच आलं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांच्यापुढे एक आई उभी होती आणि ही माणसं तिच्याकडे पान नंबर मागत होती.

दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "जागा होतो मी."

"जागा होतो" असं म्हणाला तो. "होता" नव्हे. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काय ते त्यांना कळलं नसेल, पण काहीतरी आहे एवढं कळलं. त्यांनी कागद गोळा केले आणि हळूच सांगितलं की आपण आता चहाला थांबू.

बाहेरच्या व्हरांड्यात एका बाजूला चहाची भांडी आणि दुसऱ्या बाजूला दादाच्या पुस्तकाचे गठ्ठे होते. आम्ही दोघी खांबाशी उभ्या राहिलो. दादा गर्दीतून वाट काढत आला. माणूस एका तासात म्हातारा होतो हे मी तेव्हा पाहिलं.

"मला ते फेकवेना," तो वहिनीला म्हणाला. "ते शब्द. घरात ठेवता येत नव्हते, विसरता येत नव्हते. वाटलं, कुठेतरी राहावेत. माझ्याकडे दुसरी जागा नव्हती."

"विनोदात?" मी म्हटलं. माझा आवाज तेव्हा वहिनीच्याही वर गेला असेल. "लोकांच्या हसण्यात ठेवलंस त्याला?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोक हसतील असं वाटलं नव्हतं मला."

"आणि मग पुढच्या वेळी थांबून वाचलंस. हसायला जागा ठेवून."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वहिनीकडे बघत होता, आणि ती त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडे.

"निरोप उशिरा मिळाला नव्हता," तो म्हणाला. "चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा माझं नाव पुकारत होते. मला वाटलं, एवढं वाचून घेतो आणि निघतो. कितीसा वेळ लागणार. वाचून उतरलो तेव्हा गाडी गेली होती, आणि दुसरी थेट सकाळी होती."

तीसएक वर्षं मी या माणसाची कीव केली होती. बिचाऱ्याला वेळेवर कळलंच नाही, असं मी दुकानात, नात्यात, आईच्या उशाशी बसून किती जणांना सांगितलं होतं. माझ्याच भावाने मला खोटं बोलायला लावलं होतं, आणि मी ते मनोभावे बोलले होते. मी वहिनीला सावरायला हात पुढे केला. वाटलं, आता ही कोसळते.

ती कोसळली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"चिठ्ठीचं. त्या दिवशी फोनवरचा माणूस भला होता. मला धरून ठेवायला सांगून आत गेला आणि परत येऊन म्हणाला, बाई, दिली त्यांच्या हातात, वाचली त्यांनी, आणि आता ते बोलायला उभे राहिलेत. टाळ्यासुद्धा ऐकू आल्या मला."

म्हणून ती म्हणाली होती, झालं तुमचं सगळं? तेवढी वर्षं मी ते वाक्य बायकोचा टोमणा समजत होते.

दादाने विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून," वहिनी म्हणाली. "वाटायचं, आज नाही तर उद्या सांगतील. माझ्या तोंडून काढून घेण्यात काय अर्थ होता? तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी रडले असते, भांडले असते, पण आपण दोघांनी मिळून त्याचं नाव तरी घेतलं असतं. म्हणून थांबले."

दादा रडायला लागला. लोक चहाचे कप हातात घेऊन दुसरीकडे बघत उभे होते. वहिनीने स्वतःच्या पदराने त्याचे डोळे पुसले, अगदी लहान मुलाचे पुसावेत तसे. मला वाटलं, झालं, ही आता त्याला माफ करणार आणि मला दोघांना घेऊन घरी जावं लागणार. मी मनातून चडफडलेसुद्धा.

तेवढ्यात दारातून ती बिल्लेवाली प्राध्यापिका डोकावली. "सर, सगळे बसलेत. सत्कार सुरू करायचाय. तुमच्यासाठी खोळंबलेत."

दादाने नाक पुसलं, सदरा सारखा केला. आणि माझ्या भावाच्या तोंडून, त्याच्याही नकळत, सवयीने शब्द बाहेर आले. "एवढं उरकतो आणि येतोच मी," तो वहिनीला म्हणाला. "थांबशील ना?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याचा हात हवेतच राहिला. वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू आज पहिल्यांदाच बघते आहे.

"नाही," ती म्हणाली. "माझं थांबून झालं."